गटवाटणीची कोडी (प्रवेश परीक्षा)

गटवाटणीची कोडी हा व्यवस्थापन व विधी शाखांच्या प्रवेश परीक्षांत येणारा तर्कप्रश्नांचा एक प्रकार आहे. दिलेल्या अटी पाळून माणसे किंवा वस्तू दोन-तीन गटांत वाटायच्या असतात. बैठकव्यवस्थेच्या कोड्यांत कोण कितव्या जागी हे पाहतात. इथे कोण कोणाबरोबर, एवढेच. एक कोडे आणि त्यावरचे चार-पाच प्रश्न मिळून ‘सेट’ होतो.

खान्देशातील विद्यार्थ्याची गाठ या प्रकाराशी मुख्यतः राज्याच्या एमबीए सीईटीत आणि आयआयएम प्रवेशाच्या कॅटमध्ये पडते. सीईटीच्या २०० प्रश्नांपैकी ७५ तर्कक्षमतेचे असतात आणि वेळ १५० मिनिटे. कॅटमध्ये माहितीविश्लेषण व तर्क या विभागाला स्वतंत्र ४० मिनिटे मिळतात.

उदाहरणार्थ, रावेर, यावल, चोपडा, अमळनेर, पाचोरा, शहादा व साक्री या सात तालुक्यांतून एकेक खेळाडू निघाला आहे. पहिल्या गाडीत चार जण बसतील, दुसरीत तीन. रावेर आणि यावल एकाच गाडीत हवेत. शहादा आणि साक्री एकत्र नकोत. चोपडा पहिल्या गाडीत असेल, तर अमळनेर दुसरीत.

नवखा विद्यार्थी इथे लगेच नावे भरून पाहू लागतो. त्याआधी जागा मोजाव्यात. रावेर-यावल दुसऱ्या गाडीत बसवले, तर शहादा-साक्रीपैकी एक जण तिथे येणारच आणि गाडी भरली. मग चोपडा, अमळनेर व पाचोरा तिघेही पहिल्या गाडीत जातात आणि तिसरी अट मोडते. म्हणजे रावेर-यावल पहिल्याच गाडीत. तिथे शहादा किंवा साक्री यांपैकी एक, आणि उरलेल्या एका जागेवर चोपडा, अमळनेर, पाचोरा यांपैकी कोणीही चालतो. एकूण सहाच रचना शक्य आहेत. एवढे कळल्यावर पुढचे प्रश्न प्रत्येकी काही सेकंदांचे. खरा वेळ या पहिल्या मांडणीलाच द्यावा. घाईने प्रश्नांकडे वळणारा प्रत्येक प्रश्नासाठी तीच आकडेमोड पुन्हा करत बसतो.

‘जर-तर’च्या अटीत बहुतेकांचा घोळ होतो. वरच्या अटीवरून ‘अमळनेर पहिल्या गाडीत असेल, तर चोपडा दुसरीत’ असे उलटवता येते. पण ‘अमळनेर दुसरीत, म्हणून चोपडा पहिलीत’ असे म्हणता येत नाही. पाचोरा पहिल्या गाडीत बसला की ते दोघेही दुसरीत येतात. पर्याय रचणारे नेमका हाच सापळा लावतात. कच्च्या कागदावर दोन रकाने आखून नावांची आद्याक्षरे लिहिण्याची पद्धत रूढ आहे. ‘एकत्र’ असलेल्यांची चौकट आणि ‘एकत्र नको’ असलेल्यांमध्ये फुली, एवढ्या खुणा पुरतात.

अमेरिकेतील विधी प्रवेशाच्या एलसॅट परीक्षेत अशा कोड्यांचा स्वतंत्र विभाग होता: ३५ मिनिटांत चार कोडी. आकृती काढून सोडवण्याची ही रीत अंध परीक्षार्थींवर अन्याय करते, असा दावा न्यायालयात गेला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग वगळण्यात आला. परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेतला विश्लेषणात्मक तर्काचा विभाग तर २००२ मध्येच गेला होता. आपल्याकडे मात्र कॅट आणि सीईटीत ही कोडी टिकून आहेत. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नसल्याने अडलेल्या सेटवरही खूण करून पुढे जाता येते; कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण वजा होतो, म्हणून तिथे कोणता सेट सोडून द्यायचा हे ठरवणे हाही तयारीचाच भाग असतो.