गोलरक्षकाचे नवे पॅड आणि पकचे भौतिकशास्त्र

आइस हॉकीचा पक म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या रबराची 7.6 सेंटिमीटर व्यासाची आणि 2.5 सेंटिमीटर जाडीची चकती. तिचे वजन 156 ते 170 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतकेच असते. पण जोरदार स्लॅप शॉटनंतर, म्हणजे स्टिक मागे उंच नेऊन मारलेल्या फटक्यानंतर, ती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठते. झ्डेनो चारा या बचावपटूने 2012 मध्ये नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या कौशल्य स्पर्धेत ताशी 175 किलोमीटरचा फटका मारला होता. फलंदाजाला असा चेंडू सोडून देता येतो. गोलरक्षकाला ती मुभा नसते. 183 सेंटिमीटर रुंद आणि 122 सेंटिमीटर उंच चौकटीसमोर उभे राहून आपले अंग पकच्या आड आणणे हेच त्याचे काम. म्हणून त्याच्यासाठी नवे साहित्य घेताना रंग आणि किंमत यांच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की पकची ऊर्जा शेवटी जाते कुठे?

थोडे गणित करून पाहू. 165 ग्रॅमचा पक सेकंदाला 40 मीटर, म्हणजे ताशी 144 किलोमीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 132 जूल भरते. हा पक एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबवला, तर सरासरी बल 13,200 न्यूटन होते, म्हणजे तेराशे किलोहून अधिक वजनाइतके. तोच पक चार सेंटिमीटरच्या अंतरात थांबवला, तर बल एक चतुर्थांशावर येते. ऊर्जा दोन्ही वेळी तितकीच खर्च होते, फक्त ती अधिक अंतरात आणि अधिक वेळात खर्च होते. संरक्षक साहित्यातील फोमचे मुख्य काम हेच आहे. परंतु नुसता मऊ फोम पुरत नाही, कारण पक कडेने आदळला तर त्याचा मारा अगदी लहान जागेवर एकवटतो आणि मऊ थर तिथे पुरता दबून तळाला टेकतो. त्यानंतर उरलेला तडाखा सरळ हाडाला बसतो. म्हणून छातीच्या आणि खांद्यांच्या कवचात फोमच्या जोडीला कठीण प्लॅस्टिकचे पत्रे बसवलेले असतात. पत्रा मारा पसरवतो आणि फोम तो लांबवतो. दुकानात नुसता अंगठा दाबून कवचाची परीक्षा घेणाऱ्याला या दोहोंपैकी एकच गोष्ट कळते.

या साहित्याचा इतिहास क्रिकेटशी जोडलेला आहे, हे मराठी वाचकाला गमतीचे वाटेल. फेब्रुवारी 1896 मध्ये विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा गोलरक्षक मेरिट हा स्टॅन्ली कप या आइस हॉकीतील मानाच्या चषकाच्या सामन्यात चक्क क्रिकेटचे पांढरे पॅड बांधून उतरला होता. क्रिकेटचा पॅड पायाला वाचवतो, पण त्याच्या गोल पृष्ठभागावरून पक कुठल्याही दिशेला निसटतो. कॅनडातील हॅमिल्टन शहरात घोड्यांचे साज बनवणाऱ्या एमिल केनेस्की यांनी 1920 च्या दशकात या पॅडला रुंद आणि सपाट रूप दिले, आणि पुढची काही दशके त्यांच्याच धर्तीचे, आत केस व तंतू ठासलेले चामड्याचे पॅड सर्वत्र वापरले गेले. चामडे पाणी पिते. बर्फावर गुडघे टेकून टेकून ते भिजत असे आणि सामन्याच्या अखेरीस त्याचे ओझे चांगलेच जाणवत असे. आजच्या पॅडवर कृत्रिम चामडे आणि आत बंद पेशींचा फोम असतो; फोमच्या प्रत्येक पेशीत वायू कोंडलेला असल्याने पाणी आत शिरत नाही, आणि दाबलेला वायू पुन्हा प्रसरण पावतो तेव्हा पॅड पूर्ववत होतो.

याच शेवटच्या गुणातून या साहित्याचे खरे कोडे उभे राहते. वायू प्रसरण पावताना घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग पकला परत देतो आणि पक उसळून दूर जातो. केसांनी भरलेला जुना पॅड ऊर्जेचा मोठा भाग तंतूंच्या आपसातील घर्षणात जिरवत असे; पक त्यावर आदळून मेल्यासारखा पुढ्यातच पडे आणि गोलरक्षक त्यावर हात ठेवी. आजच्या ताठ पॅडवरून तोच पक वेगाने मैदानाच्या मध्यभागी जातो. काही गोलरक्षकांना हे हवेच असते, कारण समोर टपून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्यापलीकडे पक गेला, तर उठून पुन्हा जागा घ्यायला क्षणभर सवड मिळते. ज्यांचे बचावपटू मंद आहेत, त्यांच्यासाठी मात्र अशी प्रत्येक उसळी म्हणजे पुढच्या फटक्याचे निमंत्रण ठरते. तेव्हा पॅड घेताना तो पकला कसा परत पाठवतो हेही जाणून घ्यावे लागते, आणि माझ्या मते हौशी खेळाडू याच बाबतीत सर्वांत कमी चौकशी करतात. व्यावसायिक सामन्यांपूर्वी पक गोठवून ठेवतात त्यामागेही उसळीचाच विचार आहे. थंड रबराची लवचीकता कमी होते आणि पक बर्फावरून कमी उड्या मारतो.

मास्कची गोष्ट वेगळी आहे. तिथे ऊर्जा शोषण्यापेक्षा ती स्वीकारायचीच नाही, हा पहिला डाव असतो. वक्र कवचावर पक पृष्ठभागाशी 30 अंशांचा कोन करून आला, तर लंब दिशेतील त्याचा वेग निम्मा असतो आणि त्या दिशेतील ऊर्जा केवळ चौथा हिस्सा. बाकीची ऊर्जा घेऊन पक बाजूने निघून जातो. फायबरग्लास, केव्हलार किंवा कार्बन तंतूंचे कवच ताठ ठेवण्याचे कारण हेच, आणि उरलेल्या चौथ्या हिश्शासाठी आतला फोम असतो. हे शहाणपण सावकाश आले. गोलरक्षक क्लिंट बेनेडिक्ट यांनी 1930 मध्ये चामड्याचा मुखवटा वापरून पाहिला, पण नजर अडते म्हणून सोडून दिला. पुढे 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यू यॉर्कमध्ये प्रतिस्पर्धी अँडी बाथगेट यांचा फटका माँट्रियलचे गोलरक्षक जाक प्लांट यांच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून परतताना त्यांनी फायबरग्लासचा मास्क चढवला आणि प्रशिक्षकाची नाराजी असूनही तो पुढे सोडला नाही. तो मास्क चेहऱ्याला चिकटून बसणारा होता, म्हणजे कातडी फाटणे टळे, पण धक्का पसरायला अंतर जवळजवळ नव्हतेच. आजचा मास्क कपाळ, हनुवटी आणि डोक्याची मागची बाजू यांवर टेकतो आणि डोळ्यांपुढे चेहऱ्यापासून दूर पोलादी जाळी असते. जाळीच्या मोठ्या फटींतून दिसते चांगले, पण स्टिकचे टोकही आत शिरू शकते. त्यामुळे मुलांसाठी घेताना सुरक्षा मानकांचे प्रमाणपत्र असलेली, लहान फटींची जाळीच घ्यावी; मोठ्या खेळाडूंची नक्कल इथे उपयोगाची नाही.

स्केटबद्दल एवढेच सांगतो, की गोलरक्षकाचे पाते इतर खेळाडूंच्या पात्यापेक्षा जाड आणि अधिक सपाट असते, कारण त्याला पुढे धावण्यापेक्षा आडवे ढकलून सरकायचे असते. गुडघे टेकलेल्या अवस्थेतून पाय तिरका ठेवून ढकलताना बुटाची कड पात्याआधी बर्फाला टेकली, तर पकडच मिळत नाही. नव्या रचनांत बुटाभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण काढून पाते थोडे उंच बसवतात ते याचसाठी.

आता मापाबद्दल. लेग पॅडचे माप खेळाडूच्या एकूण उंचीवरून ठरत नाही. स्केट घालून, घोट्याच्या घडीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे लागते, कारण पॅडमध्ये गुडघ्यासाठी एक ठरलेली खोबण असते आणि वाटी तिथेच बसायला हवी. दोन्ही गुडघे टेकून पाय बाहेर पसरण्याची जी फुलपाखरू शैली आज सर्वत्र रूढ आहे, तिच्यात पॅड पायाभोवती फिरून त्याचा रुंद चेहरा समोर यावा लागतो आणि गुडघा आतल्या उशीवर उतरावा लागतो. खोबण वर किंवा खाली गेली, की गुडघा उशी चुकवून बर्फावर आदळतो आणि पॅड नीट फिरत नाही. मग ते वळण मांडीच्या सांध्याला सोसावे लागते, जो या शैलीत आधीच त्याच्या मर्यादेपर्यंत आत वळलेला असतो. आपल्याकडे मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची रीत आहे आणि परदेशात रमलेल्या घरांतही ती सुटत नाही. कपड्यात ती शहाणपणाची असली, तरी पॅडमध्ये महाग पडते. छातीचे कवच सैल असेल तर तेही सरकते आणि गळपट्टीचे हाड नेमके उघडे पडते. वाढत्या मुलासाठी नव्या मोठ्या संचापेक्षा योग्य मापाचा वापरलेला पॅड निःसंशय बरा.

मोठ्यांच्या खेळात मापाचा प्रश्न उलट दिशेने येतो. रुंद पॅड म्हणजे झाकलेला गोल, त्यामुळे नॅशनल हॉकी लीगने 2005 मध्ये पॅडची कमाल रुंदी 12 इंचांवरून 11 इंचांवर आणली, आणि 2018–19 च्या हंगामात छातीची कवचे खेळाडूच्या बांध्याला धरून असावीत असा नियम केला. काही गोलरक्षकांनी तेव्हा दंडांवर आणि खांद्यांवर जास्त मार बसत असल्याची तक्रार केली. तक्रार भौतिकशास्त्राला धरूनच होती, कारण कवच आणि शरीर यांच्यातील पोकळी हेही थांबण्याचे अंतरच असते.

वापरलेले साहित्य घेताना पृष्ठभागावरचे काळे डाग मनावर घेऊ नयेत. ते पकच्या रबराचे असतात. फोम वारंवार दबून त्याच्या पेशी फुटतात आणि एकदा बसलेला थर पुन्हा उभा राहत नाही, म्हणून छाती, खांदे आणि गुडघ्याची उशी यांवर अंगठा दाबून सोडावा आणि खळगा किती वेळ टिकतो ते पाहावे. मास्कच्या कवचात केसाएवढी चीर जरी दिसली, तरी तो घेऊ नये. मग त्यावरचे रंगकाम कितीही देखणे असो. घरी आणल्यावर सर्व वस्तू प्रत्येक सरावानंतर पिशवीतून काढून हवेशीर जागी वाळवाव्यात, पण हीटरजवळ किंवा उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नयेत, कारण ज्या उष्णतेने दुकानातल्या भट्टीत स्केटचा फोम पायाच्या आकाराला वळवतात, तीच उष्णता इतर फोमचाही आकार बिघडवते.