उघड्या वॅगनमध्ये माल भरताना
एचओ मापाच्या (खऱ्याच्या 1:87) मॉडेल मालगाडीसाठी आमच्याकडून लोड, म्हणजे वॅगनमध्ये ठेवायचे मालाचे तयार ढीग, घेणाऱ्या ग्राहकांना

खरी मालगाडी आपण फलाटावरून पाहतो, म्हणजे बाजूने. घरातली मात्र वरून, पादचारी पुलावर उभं राहिल्यासारखी. वॅगनचा रंग, अक्षरं, बोगी यांवर कितीही मेहनत घेतली असली, तरी पाहणाऱ्याची नजर आधी वॅगनच्या पोटात जाते. तिथे बहुतेक वेळा काळ्या प्लास्टिकचा एक गुळगुळीत उंचवटा असतो, वीसच्या वीस वॅगनमध्ये एकाच साच्यातला. त्या उंचवट्याला कंटाळूनच आम्ही हे लोड बनवायला लागलो.

माल किती उंच भरायचा?

हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. त्याचं उत्तर वॅगनच्या कडेकडे पाहून मिळत नाही, मालाच्या वजनातून मिळतं. आपल्याकडची सर्वांच्या परिचयाची बॉक्सएन, म्हणजे उंच कडांची उघडी वॅगन घ्या. आतून ती 9,784 मिलिमीटर लांब, 2,950 रुंद आणि 1,950 उंच असते, म्हणजे सुमारे 56 घनमीटर जागा. मूळ आराखड्यानुसार तिची क्षमता 58.81 टन. घनमीटरभर कोळसा साधारण 800 ते 900 किलो भरतो. वॅगन काठोकाठ भरली तरी वजनाला वाव उरतो, म्हणून कोळशाचा ढीग कडेच्या वर येतो.

लोहखनिजाचं गणित उलटं. त्याचा घनमीटर अडीच टनांच्या आसपास जातो. वॅगनच्या क्षमतेएवढं, 58.81 टन खनिज साडेतेवीस घनमीटरमध्ये संपतं आणि वॅगनच्या तळापासून जेमतेम 80 सेंटीमीटर वर येतं. मॉडेलमध्ये हे झाले साडेनऊ मिलिमीटर, तेही 22 मिलिमीटर खोल वॅगनमध्ये. खनिजाने भरलेली गाडी फलाटावरून रिकामीच वाटते ती यामुळे. तेव्हा आमचा खनिजाचा लोड हातात घेऊन ‘हा अर्धाच पाठवलात की’ असा फोन करण्याआधी कृपया हा परिच्छेद पुन्हा वाचावा. असे फोन येतात.

कोळसा

आमच्या कोळशाच्या लोडवर खराच दगडी कोळसा असतो. रंगवलेल्या कशालाही ती चमक येत नाही. वीजकेंद्रांना जाणारा कोळसा बऱ्याचदा 100 मिलिमीटरच्या आतला फोडलेला असतो. आपल्या मापात मोठ्यात मोठा खडा सव्वा मिलिमीटरच्या आत बसतो, बाकी सगळा चुरा. घरी करणार असाल तर कोळसा जाड फडक्यात बांधून खलबत्त्यात फोडा, आधी रव्याच्या चाळणीतून आणि मग चहाच्या गाळणीतून चाळा, आणि तोंडाला मास्क लावा. मोहरीला काळा रंग देऊन वापरणारे हौशी लोक आम्हाला भेटले आहेत. लांबून ठीक दिसते, जवळून वॅगनमध्ये बुंदी भरल्यासारखी. चहाची पूड तर नकोच. पावसाळ्यात बुरशी धरते.

ढिगाचा आकार भरण्याच्या पद्धतीवर ठरतो. सायलोखालून (कोळसा साठवायच्या उंच कोठीखालून) हळूहळू पुढे सरकत भरलेल्या वॅगनवर लांबलचक, एकसारखा, माथ्यावर सपाट ढीग दिसतो. सायडिंगवर (माल भरायच्या बाजूच्या रुळांवर) पेलोडरने, म्हणजे पुढे बादली असलेल्या यंत्राने भरलेल्या वॅगनमध्ये बादलीगणिक वेगळे उंचवटे पडतात, दोन-तीन, कधी एका बाजूला कललेले. आम्ही दोन्ही प्रकार करतो. पेलोडरच्या प्रकारात पाच वेगवेगळे आकार आहेत. दहा वॅगनच्या रेकमध्ये (जोडलेल्या गाडीत) ते उलटेसुलटे फिरवून ठेवले की पुनरावृत्ती कळत नाही. मागितल्यास माथ्यावर चुन्याचे पांढरे फरकाटे मारून देतो. वाटेत कोळसा चोरीला गेला तर ते मोडतात आणि चोरी कळते.

खनिज आणि खडी

खनिजाच्या रंगासाठी आम्ही गेरू वापरतो. गेरूचा लाल रंग आयर्न ऑक्साइडचाच, मग दुसरा रंग शोधायचा कशाला? थोडा गेरू वॅगनच्या आतल्या भिंतींना आणि वरच्या काठालाही कोरड्या ब्रशने पुसा.

रुळांखालच्या खडीचा मोठा दगड 65 मिलिमीटरचा, म्हणजे आपल्याकडे पाऊण मिलिमीटर. महाराष्ट्रातली गाडी असेल तर खडी काळपट करड्या बेसाल्टची हवी. पांढुरकी खडी इथे परकी दिसते. आम्ही क्रशरवरची कच (दगड फोडताना उरणारा बारीक चुरा) धुऊन, चाळून वापरतो.

कोकणातली रो-रो

26 जानेवारी 1999 पासून कोकण रेल्वेवर कोलाड ते वेर्णा मालट्रक सपाट वॅगनवर चढवून नेऊ लागले; हीच रो-रो (रोल ऑन, रोल ऑफ) सेवा. मॉडेलसाठी याहून देखणा माल नाही. प्रत्येक ट्रकची ताडपत्री वेगळी, आणि ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसलेले! ट्रक आम्ही बनवत नाही. चाकांखालच्या पाचरी आणि साखळ्यांचा संच मात्र मिळेल. बाजारात मिळणारे युरोपीय ट्रक तसेच ठेवू नका, निदान ‘हॉर्न ओके प्लीज’ तरी लिहा.

लोड बसवणे, काढणे

आमचा कोणताही लोड वॅगनमध्ये चिकटवू नका. कोळशाची गाडी वीजकेंद्राकडे भरलेली जाते आणि रिकामी परतते. तुमच्या टेबलावरही तसंच व्हायला हवं. गोव्यातल्या मार्मागोवा बंदराहून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्याकडे निघालेली कोळशाची गाडी कुळे ते कॅसलरॉक हा 37 ला 1 चा (37 मीटर अंतरात 1 मीटर चढाचा) घाट चढते. तोच कोळसा घेऊन ती घाट उतरताना दिसली, तर गोव्याचे पाहुणे हसतील. म्हणून प्रत्येक लोडच्या पोटात लोखंडी वॉशर बसवलेला आहे. सोबतचा छोटा चुंबक वर धरला की लोड अलगद उचलला जातो. रिकाम्या वॅगनच्या कोपऱ्यांत थोडा चुरा सांडलेला ठेवा.

लोडचा गाभा फोमचा आहे, प्लास्टरचा नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओमध्ये एक औंस आणि शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन असावं. बॉक्सएनएवढ्या वॅगनला ते सुमारे 97 ग्रॅम होतं. ते वजन वॅगनच्या तळाशीच द्या. प्लास्टरचे जड लोड घातले तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात.

खडे निसटले तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा, मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबणाशिवाय थेंब वरच गोळा होऊन बसतो आणि चुरा वाहून नेतो. दमट हवेत वाळायला दोन दिवसही लागतात.

ऑर्डर देताना वॅगनचं नाव पुरत नाही. वेगवेगळ्या उत्पादकांच्या बॉक्सएन आतून मिलिमीटर-दीड मिलिमीटरने कमी-जास्त असतात. आतली लांबी आणि रुंदी वरच्या काठाशी आणि तळाशी, अशी दोन्हीकडे मोजून कळवा. आम्ही दोन्ही बाजूंनी अर्धा मिलिमीटर सैल ठेवतो. तरी घट्ट बसला तर दाबू नका, खालच्या कडेला बारीक पॉलिश पेपर फिरवा.