सातपुड्याच्या झऱ्यांचं पाणी कसं बिघडत गेलं

उन्हाळा लागला की अक्राणी, अक्कलकुव्यातल्या पाड्यांवर नदीच्या वाळूत झिरा उकरतात. वरचं गढूळ पाणी वाटीने उपसून टाकायचं, तळाशी निवळ साचेपर्यंत थांबायचं, मग हंडा भरायचा. नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. त्यातल्या डोंगरी पाड्यांवर पाण्याचा प्रश्न मांडताना आपण बहुतेक वेळा टंचाईपाशीच थांबतो; मिळतं ते पाणी किती स्वच्छ, हे राहून जातं.

झऱ्याची तब्येत वरच्या जंगलावर ठरते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे १८७८ च्या वनकायद्याने डोंगर सरकारी होत गेले. झऱ्याच्या माथ्यावरचं झाड तोडायचं की राखायचं, हे ठरवणं पाड्याच्या हातून गेलं. इथल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते मुरमात आणि भेगांत. झाडोरा तुटला की माती-मुरूम धुपतो, झरा लवकर आटतो आणि एरवी गाळून येणारं पाणी न गाळता तसंच वाहून येतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी, हातपंप आले. त्यांनी जीव वाचवले, हे मान्यच करायला हवं. पाण्याची तपासणी मात्र सावकाश आली. आता ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची पूड) टाकतो. नळीतल्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकून ते पिवळं झालं, तर क्लोरीन आहे असं समजतो. पाहणीत पाण्याला किती धोका दिसतो त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पण जागा बदलणाऱ्या झिऱ्यात पावडर टाकायची कोणी?

त्यात पाऊस बदलला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बोडक्या उतारावर असा पाऊस कोसळला की शेण, माती, घाण थेट उघड्या विहिरीत उतरते आणि गॅस्ट्रोची भीती उभी राहते.

कायद्याने हात दिला आहे. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ तर ग्रामसभेला पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत देतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने त्याच्याही कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, स्वतःचं जंगल राखायला घेतलं. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. या कायद्याने सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा हक्क) मिळालेल्या सातपुड्यातल्या ग्रामसभांनी जंगलाचा आराखडा करताना झऱ्याच्या माथ्यावरची जमीन आधी आखून घ्यावी, तिथली तोड आणि चराई बंद करावी, आणि त्यासाठीचा निधी सरकारने नळयोजनेच्याच खर्चात धरावा.