देवाच्या अभिवचनांवरील विश्वास

देवाने स्वतःहून माणसांना दिलेला शब्द तो पाळीलच, या खात्रीने जगणे म्हणजे ख्रिस्ती परिभाषेत अभिवचनांवर विश्वास ठेवणे. बायबलमधला देव आधी बोलतो, मग करतो. आणि बोलणे व करणे यांच्यामध्ये बहुधा मोठा काळ जातो. विश्वासाची खरी परीक्षा या मधल्या काळातच होते. म्हणून अभिवचनांची यादी करण्यापेक्षा त्यांची वाट पाहणारी माणसे कशी जगली, हे पाहिले तर हा विषय जास्त नीट उमगतो.

या वाट पाहण्याची सुरुवात अब्राहामापासून होते. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार देश, संतती आणि आशीर्वाद यांचे अभिवचन मिळून तो हारानातून निघाला, तेव्हा ७५ वर्षांचा होता. इसहाक जन्मला, तेव्हा १०० वर्षांचा. मधली पंचवीस वर्षे काही शांत, अढळ श्रद्धेत गेली नाहीत. पत्नी साराच्या सांगण्यावरून तिची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला. मुलाची वार्ता ऐकून अब्राहाम हसला, पुढे साराही हसली. तरीही प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासाचा आदर्श म्हणून याच माणसाला पुढे केले. त्याचे मर्म उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात सापडते. त्या काळी करार करणारे कापलेल्या पशूंच्या तुकड्यांमधून चालत जात. येथे मात्र अब्राहाम गाढ झोपेत आहे आणि तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण. कराराचा भार देवाने एकट्याने उचलला. अब्राहामाच्या डळमळण्याने तो मोडला नाही, याचे कारण हेच.

देशाचे अभिवचन तर त्याच्या हयातीत पुरे झालेच नाही. सारेला पुरण्यासाठी त्याने मकपेला येथील शेत आणि गुहा ४०० शेकेल रुपे मोजून विकत घेतली. ज्या देशाचे वतन त्याला कबूल झाले होते, तेथे त्याच्या मालकीची म्हणून नोंदलेली जमीन एवढीच. अब्राहाम आणि त्याच्यासारखे इतर लोक अभिवचनाची फलप्राप्ती न होता, ती दुरून पाहून विश्वासात मेले, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय स्पष्ट म्हणतो. श्रद्धेची इतकी प्रशंसा करणाऱ्या अध्यायाने हे झाकून ठेवलेले नाही, हे महत्त्वाचे.

खरे अभिवचन आणि गोड बोलणे यांतला फरक सर्वांत लख्ख दिसतो तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदी लोकांची पहिली मोठी तुकडी बाबेलला नेल्यानंतर हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केले की, दोन वर्षांच्या आत सारे परत येतील. ऐकणाऱ्यांना दुसरे काय हवे होते? यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र धाडले: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षे भरल्यावर देव तुम्हाला परत आणील. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ या अर्थाचे, आज भेटकार्डांवर सर्रास छापले जाणारे वचन याच पत्रातले, २९व्या अध्यायातले आहे. ते एकटे उचलले की सत्तर वर्षे गळून पडतात. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकले, त्यांतल्या बहुतेक प्रौढांना परत जायला मिळणार नव्हते. दिलासा खरा होता, पण तो पिढ्यांच्या हिशेबाने दिलेला होता.

पुढे यरुशलेमला वेढा पडला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. शहर पडणार हे त्यानेच सांगितले होते. अशा वेळी देवाच्या आज्ञेवरून त्याने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत १७ शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले, साक्षीदारांसमोर खरेदीखत केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावले. शत्रूच्या ताब्यातली जमीन कोण घेतो? पण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे देवाने म्हटले होते आणि यिर्मयाने त्या शब्दावर पैसे लावले. व्यवहार पुरा झाल्यावर त्याने जी प्रार्थना केली, तिच्यात स्तुती आहे तसे गोंधळलेपणही आहे: नगर तर खाल्ड्यांच्या, म्हणजे बाबेलकरांच्या, हाती जात आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! मनातला प्रश्न सुटण्याची त्याने वाट पाहिली नाही. आधी खरेदीखत झाले, मग प्रश्न विचारला. अभिवचनावरील विश्वास म्हणजे नक्की काय, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखकाला याहून नेमका प्रसंग बायबलमध्ये दिसत नाही.

देवाला त्याच्याच शब्दाची आठवण करून देणे, प्रसंगी त्याच्याशी भांडणे, हाही या विश्वासाचाच भाग आहे. ८९व्या स्तोत्राच्या पूर्वार्धात दावीद राजाच्या वंशाला दिलेल्या अभिवचनाचे गुणगान आहे. उत्तरार्धात ‘तू तर तो करार झिडकारलास’ अशी थेट तक्रार. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. ही स्तोत्रे मंडळीच्या उपासनेत ठेवली गेली, यावरून शंका आणि विलाप यांना अविश्वास ठरवणे शास्त्राला धरून नाही, हे दिसते.

नव्या करारात सर्व अभिवचने एका व्यक्तीभोवती गोळा होतात. देवाची जितकी अभिवचने आहेत, तितक्यांचा होकार ख्रिस्तात आहे, असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो. येशूचे पुनरुत्थान हा त्या होकाराचा पुरावा. पवित्र आत्मा हा पुढे मिळणाऱ्या वतनाचा विसार, असे इफिसकरांस पत्र म्हणते. विसार दिला म्हणजे व्यवहार पक्का झाला, पण पूर्ण रक्कम अजून यायची आहे.

मग नेमके काय कबूल केलेले आहे? पापांची क्षमा, युगाच्या समाप्तीपर्यंत ख्रिस्ताची सोबत, पवित्र आत्मा, मृतांचे पुनरुत्थान, नवे आकाश व नवी पृथ्वी. आजार टळेल, नोकरी मिळेल, पैसा वाढेल असे सरसकट अभिवचन कोठेही नाही. उलट ‘जगात तुम्हाला क्लेश होतील’ असे येशूने शिष्यांना शेवटच्या रात्री सांगितले. वचन संदर्भातून तोडण्याचा धोका मत्तयाच्या चौथ्या अध्यायात दाखवला आहे. तेथे सैतान ९१व्या स्तोत्रातले संरक्षणाचे अभिवचन म्हणून दाखवतो आणि मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकायला सांगतो. येशू जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून उत्तर देतो: देवाची परीक्षा पाहू नको. श्रद्धेच्या किंवा देणगीच्या मोबदल्यात संपत्ती आणि आरोग्याची हमी देणारी आजची शिकवण याच कसोटीवर टिकत नाही. तिची सर्वांत मोठी झळ आजाऱ्यांना लागते. बरे न झाल्यास दोष त्यांच्याच विश्वासाला दिला जातो. हे क्रूर आहे.

सोळाव्या शतकात, प्रॉटेस्टंट पंथ वेगळे झाले त्या धर्मसुधारणेच्या काळात, हा विषय वादाच्या केंद्रस्थानी आला. अभिवचन आणि विश्वास ही जोडी एकमेकांवाचून राहू शकत नाही, असे मार्टिन ल्यूथर याने १५२० साली बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा चर्चच्या संस्कारांविषयी लिहिताना मांडले. दुसरा सुधारक जॉन कॅल्व्हिन याने विश्वासाची व्याख्याच ख्रिस्तातील मोफत अभिवचनावर उभारली. मात्र विश्वासणाऱ्यांचा स्वतःच्या अविश्वासाशी सतत झगडा चालतो, हेही त्याने मान्य केले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये देवाच्या दयेवर शंका घेऊ नये असे सांगतानाच, आपल्यावर कृपा झाली आहे याची अचूक खात्री कोणी बाळगू शकत नाही, अशी भूमिका घेतली. हा वाद बऱ्याच अंशी निवळला तो ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे. कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांच्या संयुक्त घोषणापत्रात, विश्वासणारे देवाच्या दयेवर आणि अभिवचनांवर विसंबू शकतात, हे दोघांनी मिळून कबूल केले.

व्यवहारात हा विश्वास वाचनातून, प्रभुभोजनातून आणि प्रार्थनेतून जोपासला जातो. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरावियन या प्रॉटेस्टंट मंडळीत १७२८ पासून रोज एक वचन देण्याची प्रथा पडली आणि १७३१ पासून ती वचने छापून निघू लागली. ती आजही निघतात. नाझी तुरुंगात असलेला जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यालाही त्यांचा आधार होता. देव आपल्या सगळ्या इच्छा पुरवत नाही, पण स्वतःची सगळी अभिवचने पाळतो, असे त्याने ऑगस्ट १९४४ मधल्या पत्रात लिहिले. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आली.

प्रभू येशूचे पुनरागमन अजून व्हायचे आहे. त्याला उशीर होत आहे, या टोमण्याला पेत्राचे दुसरे पत्र उत्तर देते: कोणाचा नाश होऊ नये म्हणून देव धीर धरतो. थेस्सलनीका येथील काहींनी कामधंदा सोडला होता. प्रभूचा दिवस आलाच, या समजुतीने असे झाले असावे, असे अनेक भाष्यकार मानतात. पौलाने त्यांना स्वस्थपणे काम करून स्वतःची भाकर खाण्यास सांगितले.