चाळणी चाचण्या आणि रुग्णाची संमती (ठाणे व नवी मुंबई)

अंगात कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांमधून रोगाची शक्यता असलेली माणसे वेगळी काढण्यासाठी जी तपासणी करतात, तिला चाळणी चाचणी म्हणतात. या तपासणीत सुरुवात करणारा रुग्ण नसतो. छातीत दुखते म्हणून माणूस दवाखान्यात जातो तेव्हा गरज त्याची असते. इथे मात्र चाचणीच दार वाजवत येते, कधी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, कधी कंपनीच्या आवारात, कधी गणेशोत्सवाच्या मंडपात, कधी आशाताईंच्या पिशवीतून. धडधाकट माणसाला आपण होऊन सुई टोचायची, तर त्याला विचारण्याची जबाबदारी जास्त की कमी, हा या विषयाचा गाभा आहे. व्यवहारात ती कमी मानली जाते. ‘साधी रक्ताची तपासणी तर आहे’ हे वाक्य त्याला पुरेसे कारण समजले जाते.

चाळणी आणि निदान

चाळणीने धान्य निवडताना थोडे खडे दाण्यांबरोबर राहतात आणि थोडे दाणे कोंड्याबरोबर जातात. चाचणीचेही तसेच. रोग नसताना ‘आहे’ असा इशारा मिळू शकतो आणि रोग असताना अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून चाळणीत अडकलेल्याला पुढे निदान चाचणीकडे जावे लागते, आणि ती बहुधा अधिक खर्चाची, कधी अधिक धोक्याची असते. चाळणी कधी करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडले, ते आजही आधाराला घेतले जातात. रोग महत्त्वाचा असावा, त्यावर मान्य उपचार असावा, निदानाची व उपचाराची सोय हाताशी असावी आणि चाचणी लोकांना पटणारी असावी, हे त्यांतले मुख्य. यातला शेवटचा निकष म्हणजे संमतीच.

यापेक्षा अवघड गोष्ट अतिनिदानाची. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की त्यांचा त्रास आयुष्यभर होणार नसतो, पण चाचणीत त्या दिसतात आणि एकदा दिसल्या की कापल्या जातात. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ ते २०११ या काळात सुमारे १५ पट झाले. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ब्रिटनमध्ये २०१२ साली एका स्वतंत्र समितीने मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीचा, हिशेब मांडला. पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षे नियमित बोलावले, तर स्तनाच्या कर्करोगाचे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ स्त्रियांना एरवी कधीच कळला नसता असा कर्करोग सांगितला जातो. एखादी बाई हे दोन आकडे ऐकून ‘मला करायची आहे’ म्हणेल, दुसरी ‘नको’ म्हणेल. दोघींचेही बरोबर असू शकते. चाळणी चाचणीत निवड हा शब्द येतो तो इथे.

पॅकेजचा हिशेब

नवी मुंबई हे देशातल्या पॅथॉलॉजी व्यवसायाचे एक मोठे ठाणे आहे. गावोगावचे रक्ताचे नमुने मागवून तपासणारी थायरोकेअरची मुख्य प्रयोगशाळा तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा, सकाळी सातची वेळ, ‘उपाशीपोटी राहा’ हा आदल्या रात्रीचा निरोप, हे ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरात ओळखीचे झाले आहे. ‘फुल बॉडी चेकअप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त घटक मोजले जातात, आणि जितके जास्त तितके ग्राहकाला स्वस्त वाटतात.

इथे एक साधे गणित कोणी सांगत नाही. अहवालात ‘सामान्य मर्यादा’ म्हणून जे आकडे छापलेले असतात, ते बहुतेक वेळा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के जिथे बसतात तेवढेच असतात. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा घटक शंभरातून पाच वेळा मर्यादेबाहेर जाणार. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर २० घटक तपासल्यावर सगळे अहवाल निर्दोष येणारी निरोगी माणसे शंभरात ३६ उरतात. ६० घटक तपासले तर जेमतेम पाच. प्रत्यक्षात घटक एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे आकडा इतका टोकाचा राहत नाही, पण दिशा तीच. ठळक अक्षरांत छापलेला एखादा आकडा जवळजवळ ठरलेला आहे, हे पैसे भरण्याआधी ठाऊक असलेल्या माणसाची संमती आणि अहवाल हातात आल्यावर रात्रभर झोप उडालेल्या माणसाची संमती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुरुषांच्या पॅकेजमध्ये पीएसए ही प्रॉस्टेटची चाचणी मुकाट्याने बसवलेली असते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१२ साली ही चाचणी सरसकट करू नये असे सांगितले होते. २०१८ साली ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, अशी सुधारणा केली. ज्या चाचणीबद्दल ‘बोलून ठरवा’ हाच सल्ला आहे, ती आपल्याकडे व्हिटॅमिन डी आणि कोलेस्टेरॉलच्या मधल्या ओळीत येते.

कायद्यातली संमती

भारतीय न्यायालयांनी संमतीची चौकट बहुतांशी शस्त्रक्रियांच्या निमित्ताने आखली. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. ४४ वर्षांची अविवाहित स्त्री १९९५ साली दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यासाठी आली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितले की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे, आणि सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची सही चालत नाही. जीव वाचवण्याची निकड असेल तरच अपवाद. कार्यपद्धती काय, हेतू काय, फायदा काय, पर्याय कोणते, ठळक धोके कोणते आणि नकार दिला तर काय होईल, एवढे रुग्णाला कळले पाहिजे. क्वचित घडणारा प्रत्येक धोका सांगितलाच पाहिजे, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. आपल्याकडे आजही ‘मिस्टरांची सही आणा’ असे सांगितले जाते, त्या पार्श्वभूमीवर हा निकाल वाचण्यासारखा आहे. गर्भपातासारख्या नाजूक बाबतीतसुद्धा १९७१ च्या कायद्याला सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते.

चाचणीच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट भाषा आहे ती एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ची. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन हवे, आणि नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. रक्तपेढीतल्या पिशवीची तपासणी, नाव न ठेवता केलेली पाहणी, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद. ठाण्यात नवरात्र मंडळापासून राजकीय वाढदिवसापर्यंत रक्तदान शिबिरांची कमी नाही. तिथे भरायच्या अर्जातली सही ही एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्यांनाही असते, हे बिस्किटाचा पुडा हातात पडेपर्यंत फार थोड्यांच्या लक्षात येते.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आले. बऱ्याच ठिकाणी ती बिलाच्या खिडकीशेजारी असते, म्हणजे वाचायला उभे राहिले की मागची रांग ओरडते.

दारातली तपासणी

तिशीनंतरच्या सर्वांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी चाळणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याची पहिली पायरी म्हणजे आशाताईंनी घरोघर भरायचा ‘सीबॅक फॉर्म’. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरातले आजार असे प्रश्न असतात. किसननगरच्या चाळीत किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीत हे प्रश्न उंबरठ्यावर विचारले जातात. आत सासरे टीव्ही बघत बसलेले असतात आणि शेजारीण कपडे वाळत घालत असते. तिथे सुनेने दिलेल्या उत्तराला संमती म्हणायचे की संकोच, हे ठरवणे कठीण. आशाताईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे खोली नाही, वेळ नाही, आणि मोबदला बराचसा कामाच्या नगावर.

या कार्यक्रमातली गर्भाशयमुखाची चाचणी म्हणजे व्हीआयए. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरचाच भाऊबंद, लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहायचे. तिचा मोठा पुरावा जवळच्याच मुंबईतला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातल्या झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून तपासणी करवली आणि त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासातले दुसरे दोन आकडे संमतीच्या दृष्टीने बोलके आहेत. बोलावलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के स्त्रिया चाचणीला आल्या, पण डाग सापडल्यावर खात्रीच्या तपासणीला गेल्या सुमारे ७९ टक्के. पहिल्या ‘हो’मध्ये दुसरा ‘हो’ गृहीत धरता येत नाही.

या अभ्यासावर नीतिशास्त्राच्या बाजूने वादही झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या निम्म्या स्त्रियांना आरोग्यशिक्षण मिळाले, चाचणी नाही. गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणाऱ्या पॅप चाचणीचा उपयोग अनेक दशके ठाऊक असताना, ती दुसरीकडे करून घेता येते हे या स्त्रियांना नीट समजले होते का, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. जिथे मुळात कोणतीच तपासणी होत नव्हती तिथे ‘नेहमीची स्थिती’ तीच, असे संशोधकांच्या बाजूचे म्हणणे होते. चाचणी न करण्याबद्दलही संमती लागते, हा मुद्दा या वादाने पुढे आणला, आणि तो सहज खोडता येण्यासारखा नाही.

कारखाने आणि कार्यालये

ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांमुळे इथे सक्तीच्या तपासणीची परंपरा जुनी आहे. कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलमाने धोकादायक प्रक्रियेवरच्या कामगाराची कामावर घेण्याआधी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने तपासणी ठरवली. तिच्या नोंदी कामगाराला पाहता आल्या पाहिजेत असेही घातले. ही सक्ती कामगाराच्या बाजूची, त्याच्या फुप्फुसात काय साचते आहे ते मालकाने लपवू नये म्हणून. महापे-ऐरोलीच्या आयटी कार्यालयांतली वार्षिक ‘हेल्थ चेकअप’ दिसायला तशीच, पण तिथे अहवाल आधी कोणाच्या मेलमध्ये जातो हे विचारायचे धाडस नव्या मुलामुलींना होत नाही.

गरोदरपण आणि लग्न

संमतीची खरी कसोटी गरोदरपणात लागते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातली ‘डबल मार्कर’ ही रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफी डाऊन सिंड्रोमची शक्यता सांगते, निदान करत नाही. ‘२५० मध्ये १’ असा आकडा आला की घरात सुतक पडल्यासारखे होते. वास्तविक त्याचा अर्थ २४९ बाळे त्या दोषाशिवाय, असा. नक्की कळायचे तर गर्भजल काढावे लागते, त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, आणि निदान पक्के झाल्यावर काय करायचे हा प्रश्न उरतोच. काहीही निघाले तरी मूल ठेवायचेच असे ज्या जोडप्याचे ठरले आहे, त्याने पहिल्याच चाचणीला ‘नको’ म्हणणे पूर्ण सुसंगत आहे. पण डबल मार्कर करायची का, असा प्रश्नच येत नाही. चिठ्ठीवर ती लिहिलेली असते.

गर्भजल काढण्यासारख्या तपासणीबाबत कायदा मात्र काटेकोर आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा राज्याचा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने अशा तपासणीसाठी स्त्रीला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती आणि त्या संमतीपत्राची प्रत तिच्या हातात, असे दोन्ही बंधनकारक केले. प्रत मागून घेणारी बाई विरळा.

उल्हासनगरची गोष्ट निराळी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभे राहिले, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. वाहक स्वतः निरोगी असतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी रक्त तपासावे हा सल्ला त्यामुळे रास्त आहे. मात्र अहवाल नुसता रक्ताचा राहत नाही, स्थळाचा होतो, आणि नाव वाईट होते ते बहुतेक वेळा मुलीचेच. म्हणून तो आधी तिच्या हातात, बंद पाकिटात, ही साधी व्यवस्था कोणत्याही जनजागृती फलकापेक्षा जास्त कामाची आहे.

नकार

मराठी घरात डॉक्टरांना तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची रीत नाही. नकार ‘बघू’, ‘घरी विचारून सांगते’, ‘आज उपास आहे’ अशा शब्दांत येतो. रुग्णालयाच्या कागदावर ‘समजावूनही रुग्णाने नकार दिला’ असे लिहून सही मागितली की तो हक्क न वाटता कबुलीजबाब वाटतो. ठाण्यातल्या एखाद्या महिला दिनाच्या शिबिरात पाहावे. ‘ताई, इथे सही करा’ म्हटल्यावर ‘आधी सांगा तरी, कसली?’ असे विचारणारी एखादीच निघते. तिच्यामागच्या चौघी कान देऊन उत्तर ऐकतात. ज्यांना पटत नाही त्या ‘मुलाची शाळा सुटायची वेळ झाली’ म्हणून चपला घालतात, आणि यादीत त्यांच्या नावापुढचा रकाना रिकामा राहतो.