पायपीआयवरील दुहेरी पडताळणीची सक्ती

पायपीआय हे पायथन या संगणक भाषेतील पॅकेजांचे, म्हणजे इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचांचे, सार्वजनिक भांडार असून ते पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन चालवते. १ जानेवारी २०२४ पासून तेथे पॅकेज चढवायचे किंवा सांभाळायचे असेल, तर खात्यावर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याची सोय, सुरू असणे बंधनकारक आहे. पॅकेज नुसते उतरवून घ्यायला खाते लागत नाही. त्यामुळे त्रास पॅकेज लिहिणाऱ्याला आणि संरक्षण वापरणाऱ्याला, अशी ही विभागणी आहे.

एका खात्यावर किती जण विसंबून असतात, हे मे २०२२ मध्ये 'सीटीएक्स' पॅकेजच्या बाबतीत दिसले. त्याच्या कर्त्याच्या ईमेलचे डोमेन (पत्त्यातील @ नंतरचे नाव) मुदत संपून मोकळे झाले होते. हल्लेखोराने ते स्वतःच्या नावावर घेतले, त्या ईमेलच्या आधारे पासवर्ड बदलून घेतला आणि पॅकेजमध्ये माहिती चोरणारा कोड घातला. पासवर्ड कितीही अवघड असता तरी येथे उपयोग नव्हता.

दुहेरी पडताळणीची सोय २०१९ पासून ऐच्छिक होती. जुलै २०२२ मध्ये सर्वाधिक उतरवल्या जाणाऱ्या १ टक्का पॅकेजांना 'क्रिटिकल' (अतिमहत्त्वाची) ठरवून त्यांच्या सांभाळकर्त्यांना सक्ती जाहीर झाली. गुगलने ४,००० सुरक्षा किल्ल्या (ओळख पटवणारी छोटी उपकरणे) मोफत देऊ केल्या. तरीही नाराजी उमटली. 'ॲटॉमिकराइट्स' या पॅकेजच्या कर्त्याने हा शिक्का पुसण्यासाठी पॅकेजच काढून पुन्हा चढवले, जुन्या आवृत्त्या नाहीशा झाल्या आणि त्यांवर अवलंबून असलेल्यांचे काम अडले. फावल्या वेळात फुकट काम करणाऱ्यावर नवी अट लादली जाते तेव्हा ती नाराजी खरी असते, हे मान्य करायलाच हवे. मे २०२३ मध्ये मात्र सर्वांसाठी वर्षअखेरची मुदत जाहीर झाली.

आपोआप पॅकेज चढवणाऱ्या यंत्रणांना पडताळणीचा कोड विचारता येत नाही. त्यांच्यासाठी टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त अक्षरमाला) किंवा एप्रिल २०२३ मध्ये आलेले 'ट्रस्टेड पब्लिशिंग' (कायमचे टोकन न साठवता ठरलेल्या सेवेला परवानगी देण्याची पद्धत) वापरतात. फोन हरवल्यास आधी जपून ठेवलेले रिकव्हरी कोड कामी येतात. तेही नसतील, तर खाते परत मिळवून देण्याचे वेळखाऊ काम पायपीआयच्या माणसांवर येते.

एसएमएसवरचा ओटीपी येथे चालत नाही. ॲपमधला सहा अंकी कोड चालतो, पण बनावट पानावर माणूस तो स्वतःच भरून देऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारात नेमके हेच घडले आणि 'चॉक', 'डीबग' यांसारखी पॅकेजे दूषित झाली. सुरक्षा किल्ली खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने बनावट पानाला उत्तर देत नाही. म्हणून शक्य असेल तेथे किल्लीच निवडावी.