त्सुनामी आणि वादळाचं उधाण: पाणी समुद्राचंच, पण सावध होण्याची रीत उलटी

किनाऱ्यावर समुद्र आत घुसला की बातम्यांत सरसकट ‘त्सुनामीसारख्या लाटा’ असं सांगून मोकळे होतात. चक्रीवादळाबरोबर येणारं उधाण वेगळं आणि त्सुनामी वेगळी. ही गल्लत किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

उधाण हे वाऱ्याचं काम. वादळी वारा तासन् तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो, हवेचा दाब उतरल्याने पाणी आणखी थोडं चढतं आणि उथळ समुद्रात ते साचत जातं. त्यात भरतीची वेळ गाठली तर विचारायलाच नको. १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रात कृष्णेच्या मुखाजवळ दिवीसीमेत असंच पाणी कित्येक किलोमीटर आत शिरलं आणि हजारो माणसं गेली.

त्सुनामीला वारा लागत नाही. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाजवळ ९.१ तीव्रतेच्या भूकंपाने समुद्राचा तळच उचलला गेला आणि तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हललं. खोल समुद्रात ही लाट ताशी ७००-८०० किलोमीटर वेगाने धावते, पण उंची जेमतेम हात-दीड हात. होडीतल्या माणसाला ती गेल्याचं कळतही नाही. पाणी उथळ झालं की वेग घटतो आणि उंची वाढत जाते.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ती दोन तासांनंतर पोचली. रविवार होता, वादळाचं चिन्ह नव्हतं. नागपट्टिणमच्या कोळीवाड्यांत बायका मासळी उतरवून घ्यायला, निवडायला किनाऱ्यावर होत्या, पोरं वाळूत खेळत होती. एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, आणि त्यांत बायका-मुलं फार. खोल पाण्यात मासेमारीला गेलेले कितीतरी पुरुष मात्र वाचले. परतले तेव्हा घरात कोणी उरलं नव्हतं. हाताशी दोन तास होते, पण हिंद महासागरात तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

वादळ दोन-चार दिवस आधी कळतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाने दहा हजारांच्या आसपास माणसं गमावली. २०१३ च्या फायलिनच्या वेळी तिथेच जवळपास दहा लाख लोक आधी हलवले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. त्सुनामीत मात्र भूकंप जवळ झाला असेल तर हाताशी मिनिटंच असतात. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण घराघरांत सांगितली जायची. २००४ ला जमीन हादरली, तसे लोक थेट टेकड्यांवर पळाले. तिथे दगावलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

होड्यांचं तर अगदी उलट आहे. वादळाचा इशारा आला की होडी बंदरात आणायची. त्सुनामीचा आला आणि आपण खोल पाण्यात असलो, तर तिथेच थांबायचं. होडी धक्क्याला बांधलेली असेल तर ती सोडून उंचावर पळायचं, आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरायचं नाही. मागून येणारी लाट अनेकदा जास्त मोठी असते.

आपल्याकडे कोकणाला ‘निसर्ग’, ‘तौक्ते’ ही चक्रीवादळं ठाऊक आहेत, त्यामुळे डोळे आभाळाकडेच लागतात. पण २८ नोव्हेंबर १९४५ ला पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि इथेही माणसं वाहून गेली होती. २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचा इशारा मिळतो. तो आला, तर ऊन पडलंय म्हणून थांबू नका.